ताई, क्लेम टाकू का?

टाकायचा की नाही ते ठरवूच आपण, पण आधी तो मोबाइल खाली ठेव बघू. सकाळपासून नको ते वाचत बसली आहेस. एकदा गाडी ठोकली की विमा कायमचा महाग होतो, कंपनीच्या वहीत नाव चढतं, पुढे कुणी दारात उभं करत नाही, वगैरे वगैरे. अगं, तुझ्या बंपरला पार्किंगचा खांब लागलाय. तुला खरचटलं नाही, कुणाच्या अंगावर गाडी गेली नाही, खांब तर जागचा हललासुद्धा नाही. गाडी शिकलेल्या प्रत्येकीच्या पत्रिकेत एक खांब असतोच. आमच्या जुन्या गेटला माझ्या पहिल्या गाडीचा रंग लागला होता, आणि सासरे आल्यागेल्याला तो कौतुकाने दाखवायचे. तेव्हा लाजबीज बाजूला ठेव. प्रश्न पैशाचा आहे, आणि अख्ख्या घराचा महिन्याचा खर्च बसवणाऱ्या बाईला हा हिशेब काही जड नाही.

खरं सांगू का, आपल्याकडे विमा कंपनी तू गाडी किती वेळा घासलीस हे विचारतच नाही. पैसे मागायला तू तिच्याकडे किती वेळा आलीस, एवढंच ती बघते. ठोकलीस आणि स्वतःच्या पैशाने नीट करून आणलीस, तर कंपनीच्या दप्तरी काही घडलेलंच नसतं. म्हणून चूक किती मोठी होती याचा विचार करत रात्र घालवू नकोस. आज कंपनी किती देईल, आणि ते घेतल्यामुळे पुढच्या चार-पाच वर्षांत तुझ्या खिशातून किती जाईल, हे दोन आकडे समोरासमोर मांडायचे. बस.

पॉलिसीची पीडीएफ उघड. ईमेलमध्ये पडली असेल, आपण कोणीच ती कधी वाचत नाही. त्यात दोन रकाने दिसतील. एक थर्ड पार्टीचा, म्हणजे तुझ्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा. हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा, आणि त्याचे दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरात १००० सीसीपर्यंतच्या गाडीला वर्षाला २,०९४ रुपये आहेत, १००० ते १५०० सीसीला ३,४१६, आणि त्याच्या वरच्या मोठ्या गाड्यांना ७,८९७. तू कितीही सांभाळून चालव, नाहीतर रोज एक खांब पाड, हा आकडा तुझ्यासाठी वेगळा होत नाही. त्यामुळे त्या रकान्याकडे बघून घाबरायचं कारणच नाही.

दुसरा रकाना 'ओन डॅमेज'चा. सगळे त्याला ओडी म्हणतात. सगळी गंमत इथे आहे. खाली खाली ये, एक ओळ सापडेल: 'लेस: नो क्लेम बोनस', आणि पुढे एक टक्केवारी. तुझी किती आहे? पस्तीस असेल, तीन वर्षं तू काही मागितलेलं नाहीस म्हणून. हा जिना असा आहे बघ: एक वर्ष क्लेम न घेता गेलं की ओडीच्या प्रीमियमवर २० टक्के सूट, दुसऱ्या वर्षी २५, तिसऱ्या वर्षी ३५, चौथ्या वर्षी ४५ आणि पाचव्या वर्षी ५०. पन्नासच्या वर जिना नाही. आणि एक क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला थेट शून्य. एखादी पायरी खाली नाही गं, थेट अंगणात. तू दोन हजार मागितलेस की दोन लाख, त्याला काही फरक पडत नाही. मला हा नियम फारसा न्याय्य वाटत नाही, पण आहे तो असा आहे.

आता पेन घे. समज, बोनस वजा करायच्या आधी तुझा ओडीचा प्रीमियम दहा हजार आहे. आज तू पस्तीस टक्क्यांवर आहेस. क्लेम घेतला नाहीस तर पुढच्या वर्षी ४५ टक्के सूट, म्हणजे ५,५०० भरशील, आणि त्यानंतर दर वर्षी ५,०००. क्लेम घेतलास तर पुढच्या वर्षी पूर्ण १०,०००, मग ८,०००, मग ७,५००, मग ६,५००, मग ५,५००, आणि सहाव्या वर्षी पुन्हा ५,००० वर. फरकाची बेरीज कर: साडेचार हजार, तीन हजार, अडीच, दीड आणि शेवटचे पाचशे. बारा हजार झाले ना? म्हणजे आज घेतलेल्या क्लेमची छुपी किंमत बारा हजार, पाच वर्षांत वाटून. गाडी जुनी होते तशी तिची आयडीव्ही, म्हणजे विम्याच्या हिशेबातली किंमत, उतरते आणि मूळ प्रीमियमही थोडा कमी होतो, म्हणून खरा आकडा जरा खाली येईल. उलट त्यावर १८ टक्के जीएसटी आहे, तो पुन्हा जरा वर नेईल. आपल्याला पैशापैशाचा हिशेब नकोय, अंदाज हवाय.

आणि ऐक, हाच हिशेब प्रत्येकीला वेगळा लागतो. तुझ्या त्या ऑफिसातल्या मैत्रिणीची गाडी नवी, पहिलंच वर्ष, अजून बोनस जमलेलाच नाही. तिने क्लेम घेतला तर तिचं नुकसान याच दहा हजारांच्या हिशेबाने सगळं मिळून पाच हजारांच्या आसपास. कारण गमवायला तिच्याकडे एकच पायरी आहे. म्हणून ती म्हणते 'मी तर बाई लगेच क्लेम टाकला', ते तिच्यापुरतं बरोबर असेल, तुझ्यासाठी नाही. आणि पन्नास टक्क्यांवर बसलेल्या माझ्यासारखीला तेच साडेबारा हजारांना पडतं.

बरं, आता दुसरा आकडा: कंपनी किती देईल? इथे आपण सगळ्याच फसतो. बिल नऊ हजारांचं झालं म्हणजे नऊ हजार मिळतात असं वाटतं. तुझ्या बंपरचंच घेऊ. समज, नवा बंपर पाच हजारांचा आणि फिटिंग, रंग वगैरे मिळून चार हजार. तुझ्याकडे झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं ॲड-ऑन, नसेल तर प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर कंपनी सरळ अर्धी किंमत कापते, म्हणजे बंपरचे अडीच हजार गेले. टायर आणि बॅटरीचंही तेच. काचेवर मात्र घसारा नाही. शिवाय दर क्लेमला 'कंपल्सरी डिडक्टिबल' असतं, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपये, त्यावरच्या गाडीला दोन हजार. रंगाच्या सामानावरही थोडं कापतात. राहिले साडेपाच हजारांच्या आत. आता सांग, साडेपाच हजार घेण्यासाठी पुढचे बारा हजार घालवणार आहेस का? झिरो डेप असला तरी आठ हजारच हातात येतील. तेव्हा या बंपरसाठी माझं उत्तर सरळ आहे: क्लेम नको.

पण हे गॅरेजमध्ये तुला कुणी सांगणार नाही. तिथे सर्व्हिस ॲडव्हायझर टॅब घेऊन येईल, गाडीभोवती एक चक्कर मारेल, मार्करने तीन-चार ठिकाणी गोल करेल. त्यातले दोन गोल तुला माहीतही नसलेल्या जुन्या ओरखड्यांभोवती असतील. मग म्हणेल, 'मॅडम, सगळं इन्शुरन्समध्ये करून टाकू, तुम्हाला फक्त फाइल चार्ज.' ऐकायला फार गोड वाटतं गं. त्याला एकच विचार: 'कॅश दिले तर किती?' कॅशचा आणि इन्शुरन्सचा आकडा पुष्कळदा वेगळा निघतो. मग तोच फोटो घेऊन कंपनीच्या गॅरेजबाहेरच्या एखाद्या चांगल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जा. बंपर फाटलेला नसेल, नुसता दबला असेल, तर तो गरम करून बाहेर काढतात आणि नवा लागतच नाही. ओरखडा रंगाच्या वरच्या थरातच असेल तर रबिंग-पॉलिशने जातो. ओल्या बोटाने ओरखडा घासून बघ. ओलं असताना दिसेनासा झाला तर तो वरवरचा आहे. नख अडकत असेल तर रंगाला पर्याय नाही.

हे सगळं आज नाहीतर उद्या करून टाक. क्लेम घ्यायचाच ठरला तर कंपनीला लगेच कळवावं लागतं. 'बघू, पुढच्या आठवड्यात' असं करून कंपनीने पाठवलेल्या सर्व्हेअरसमोर गेलीस तर तो पहिलं हेच विचारेल की इतके दिवस कुठे होतात. आणि वेगवेगळ्या दिवशी लागलेल्या तीन ठोकरा एकाच अपघातात खपवायचा सल्ला कुणी दिला तर मान हलवून निघून ये. सर्व्हेअर रोज तेच बघतो. पुढच्या खांबाने मागचा दरवाजा दबत नाही हे त्याला शिकवायला लागत नाही.

क्लेम घ्यायचा तो कधी? बिल मोठं असेल तेव्हा, आणि तेव्हा बिलकुल मागेपुढे बघायचं नाही. पुढचा भाग आत गेला, हेडलाइट फुटला, सस्पेन्शनला मार बसला, आकडा पन्नास-साठ हजारांकडे चालला, तर बोनसला नमस्कार करायचा आणि क्लेम टाकायचा. विमा त्यासाठीच घेतलाय. काही बायका मी बघते, बोनस जपायचा म्हणून सोन्याची बांगडी मोडतील पण क्लेम घेणार नाहीत. तसलं काही करू नकोस. गाडी चोरीला गेली, पावसात गुलमोहर टपावर पडला, पाणी शिरलं, हे सगळं ओडीतच येतं आणि त्यानेही बोनस जातो, पण तिथे विचार कसला करायचा? २०२४ च्या जुलैत सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी घुसलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात बुडाल्या. अशा वेळी एकच लक्षात ठेव, चावी फिरवायची नाही. पुराचं नुकसान साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत येतं, पण पाण्यात असलेली गाडी चालू करायला गेल्यामुळे इंजिन बसलं तर ते पैसे नाकारतात. त्याला इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं ॲड-ऑन लागतं. ढकलत बाहेर काढ, टो करून ने.

आता एक गोष्ट सांगते, तिचा तुला राग येईल. मलाही येतो. बोनसला चूक कुणाची हे कळत नाही. तू गाडी नीट कडेला लावून भाजी घ्यायला गेलीस, पाण्याचा टँकर मागे येता येता तुझा दरवाजा घेऊन गेला, तरी स्वतःच्या पॉलिसीतून क्लेम घेतलास की बोनस तुझाच जाणार. कागदावर टँकरच्या विम्याकडून भरपाई मागता येते, पण त्यासाठी मोटार अपघात न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते, आणि एका दरवाजासाठी एवढं कोण करतं? म्हणून अशा वेळी तिथल्या तिथे गाडीचा नंबर, लायसन्स आणि विम्याचा फोटो घे, आणि नुकसान छोटं असेल तर समोरच्याकडून दुरुस्तीचे पैसे माग. शांतपणे माग, पण माग. 'जाऊ दे ना' हे आपण बायका फार लवकर म्हणतो.

उलट बाजूने, तुझ्या गाडीने कुणाला लागलं, तर त्या वेळी हा सगळा हिशेब डोक्यातून काढून टाक. आधी दवाखाना, मग पोलीस, मग कंपनी. जखमी माणसाला उपचार मिळवून देणं आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणं हे चालकावर कायद्यानेच आहे. रस्त्यावर जमलेली गर्दी सांगेल, 'मॅडम, इथेच मिटवून टाका.' तू मदत कर, रुग्णालयाचं बघ, पण चूक माझीच, मी अमुक लाख देते, असं कुठल्याही कागदावर लिहून द्यायचं नाही. कंपनीला न विचारता कबुली किंवा आश्वासन द्यायचं नाही ही पॉलिसीतली अट आहे. आणि जरा धीर येईल असं सांगते, त्या माणसाची भरपाई थर्ड पार्टीच्या रकान्यातून जाते, तुझ्या नो क्लेम बोनसला त्याने हात लागत नाही. बोनस फक्त स्वतःच्या गाडीसाठी पैसे घेतले तरच जातो. मात्र दारू पिऊन किंवा लायसन्सशिवाय गाडी चालवली असेल तर कंपनी त्या माणसाला पैसे देऊन नंतर ते तुझ्याकडून वसूल करू शकते, आणि तुझ्या गाडीचे तर देणारच नाही. तू पीत नाहीस हे मला माहीत आहे. पण तुझी गाडी कोण कोण नेतं ते तूच बघ. दिराने लायसन्सचं नूतनीकरण केलंय का, विचारलंस कधी?

एक बारकावा सांगते, एजंट सहसा सांगत नाहीत. एखाद्या वर्षी मोठा क्लेम झालाच, बोनस गेलाच, तर त्याच पॉलिसी वर्षात पुन्हा काही झालं तर दुसऱ्या क्लेमने आणखी बोनस जात नाही. शून्याच्या खाली काय जाणार? तेव्हा त्या वर्षी छोट्या नुकसानीचा हिशेब बदलतो. पण हात सैल सोडू नकोस. २००७ पासून ओडीचे दर कंपन्याच ठरवतात, आणि सारखी क्लेम घेणारी गाडी दिसली की नूतनीकरणाला वरचा भाव सांगायला त्या मोकळ्या असतात. झिरो डेपमध्येही वर्षाला किती क्लेम चालतील याची मर्यादा असते, ती वाचून घे.

आणि आता ते यूट्यूबवरचं. तू अमेरिकेतल्या बायकांचे व्हिडिओ बघून घाबरली आहेस, मला दिसतंय. तिकडची रीत वेगळी आहे गं. तिकडे अपघात तर जाऊच दे, वेगाने चालवल्याचं पोलिसांचं तिकीटसुद्धा प्रीमियममध्ये उतरतं. बहुतेक कंपन्या चालकाची मागची तीन ते पाच वर्षं बघतात, आणि क्लेमची नोंद सात वर्षांपर्यंत राहते. न्यू जर्सीच्या भाचीने सिग्नल चुकवला तर तिने काळजी करावी, तू नाही. आपल्याकडेही चलनांचा विमा दराशी संबंध जोडावा असा विचार झालाय. २०२१ च्या जानेवारीत विमा नियामक आयआरडीएआयने एका कार्यगटाचा मसुदा मांडला होता, दारू पिऊन चालवलं तर शंभर गुण, चुकीच्या जागी गाडी लावली तर दहा, आणि गुणांप्रमाणे जादा प्रीमियम. २०२२ च्या जुलैत गाडी किती आणि कशी चालवता त्यावर प्रीमियम ठरवणारी ॲड-ऑन आणायलाही परवानगी मिळाली. वारं त्या दिशेने आहे, एवढं समज. पण कर्वे रोडला नो पार्किंगचं चलन आलं म्हणून तुझा बोनस आज कोणी काढून घेत नाही. चलन मात्र भरून टाक, ते कोर्टात जायला वेळ लागत नाही.

खरी काळजी कशाची करायची सांगू? तारखेची. क्लेम न घेता पाच वर्षं जपलेला बोनस एका विसरलेल्या तारखेने जातो. पॉलिसी संपल्यापासून नव्वद दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर जिना पुन्हा पहिल्या पायरीपासून. आणि त्या नव्वद दिवसांतही बोनस शाबूत असला तरी विमा नसतोच. गाडीला काही झालं तर सगळं तुझ्या अंगावर, आणि पोलिसांनी धरलं तर पहिल्या वेळी दोन हजार दंड, कैदेचीही तरतूद आहे. मी एकदा तारीख कालनिर्णयवर ठळक लिहून ठेवली होती. पान मात्र उलटलंच नाही. फोनमध्ये लाव, दोन वेळा लाव, एक पंधरा दिवस आधीची.

नूतनीकरण ऑनलाइन करताना मध्येच एक छोटा प्रश्न येतो: मागच्या पॉलिसीत क्लेम घेतला होता का? तिथे 'नाही'वर टिचकी मारली की प्रीमियम धाडकन खाली येतो. मोह होतो. अजिबात करू नकोस. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून बोनसची खातरजमा करते, आणि खोटं निघालं तर ओन डॅमेजचं सगळं संरक्षण रद्द होतं. ते कळतं कधी? तू पुढचा क्लेम टाकतेस तेव्हा. चार हजार वाचवायला जाऊन चार लाखांची गाडी उघड्यावर.

एनसीबी (नो क्लेम बोनस) प्रोटेक्ट घ्यायचं का, असं विचारलं होतंस. त्यात ठरावीक एक-दोन क्लेम झाले तरी बोनस तसाच राहतो. माझं मत विचारशील तर वीस टक्क्यांवर असताना त्याला पैसे घालू नकोस. पंचेचाळीस-पन्नासवर पोचलीस, गाडी महाग असेल आणि रोज गर्दीतून जायचं असेल तर घे. त्या ॲड-ऑनला लागणारे पैसे आणि वर आपण काढलेले बारा हजार, दोन्ही बाजूबाजूला ठेवून बघ.

गाडी विकतानाचं आत्ताच सांगून ठेवते, कारण तेव्हा घाईत विसरशील. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी घेणाऱ्याला तो मिळत नाही, तुझ्याकडेच राहतो. विक्रीचे कागद देऊन कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घे. ते तीन वर्षं चालतं, आणि तेव्हा पन्नास टक्क्यांवर असलीस तर नव्या गाडीच्या ओडीवर तेच पन्नास टक्के लागतात. नव्या गाडीचा ओडी वीस हजार असेल तर तिथल्या तिथे दहा हजार सुटले. शोरूमवाला पॉलिसी स्वतःच काढून देतो आणि हे विचारत नाही, म्हणून पत्र घेऊनच जा.

आणि यातूनच तो विषय येतो, ज्यावरून मी घरोघरी भांडते. तुमची गाडी कुणाच्या नावावर आहे? अहोंच्या. चालवतं कोण? तू. मुलांची शाळा, सासूबाईंचा फिजिओ, तुझं ऑफिस, सगळं तूच करतेस, आणि इतकी वर्षं नीट चालवलीस त्याचा बोनस जमतोय त्यांच्या नावावर. उद्या तू स्वतःच्या नावावर गाडी घेतलीस तर शून्यापासून सुरुवात. नवऱ्याचा बोनस बायकोच्या गाडीला लावता येत नाही. मालक गेल्यावर गाडी पत्नी, मुलं किंवा आईवडिलांकडे आली तरच तो पुढे चालतो, आणि ती वाट कुणाला हवी आहे? त्याहून मोठं बघ, मालक-चालकाचा जो पंधरा लाखांचा अपघात विमा पॉलिसीत असतो, तो ज्याच्या नावावर गाडी त्याचा. तू त्यांची गाडी चालवताना काही झालं तर ते पंधरा लाख तुझ्यासाठी नाहीत. हे ऐकल्यावर बऱ्याच जणी गप्प होतात. तोवर निदान प्रवाशांचा अपघात विमा जोडून घे, किंवा स्वतःची वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढ, फार महाग नसते. तू चालवत असताना चालक म्हणून तुला संरक्षण आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घे.

दिवाळीत दुसरी गाडी घ्यायचं चाललंय ना तुमचं? अहो म्हणतील, 'माझ्या नावावर घेऊ, बोनस लावून पैसे वाचतील.' पण त्यांचा बोनस एका वेळी एकाच गाडीला लागतो. जुनी गाडी ठेवायची असेल तर तो तिच्याचवर आहे, मग वाचणार काय? आणि जुनी विकून घेणार असाल, तरी मी तुझ्या जागी असते तर ते पैसे सोडले असते. बुकिंगच्या फॉर्मवर नाव तुझं लिही, आधार कार्डावर आहे अगदी तसंच, कारण आरसी, पॉलिसी आणि बोनस तिन्ही त्याच नावाने निघतात आणि स्पेलिंग चुकलं की दुरुस्तीला आरटीओच्या दोन खेपा होतात.